स्वल्पविरामाने गिळलेली आळी

(रत्नागिरीत तरुणांसाठी घेतलेल्या संगणक कार्यशाळेतल्या भाषणाचं हे शब्दांकन. कमांड जशा उच्चारल्या गेल्या तशा देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप कराव्यात, एनएफ मात्र मोठ्या अक्षरांत.)



मला सांगण्यात आलं की पाऊण तास बोला आणि मग मुलामुलींना लॅपटॉपवर बसवा. विषय दिलाय कमांड लाइन. काळी खिडकी, त्यात पांढरी अक्षरं, सिनेमात हॅकर लोक जी उघडतात ती. त्या खिडकीत मी रोज आठ-नऊ तास असतो आणि आजवर कुणाचं काही हॅक केलेलं नाही. बहुतेक वेळा मी याद्याच निवडत असतो. घरी अम्मी तांदूळ निवडते, तसं मी मजकूर निवडतो.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे तंत्र नोकरीसाठी हवंय. ते ठीकच आहे, त्याचा उपयोग होईल. पण मला आज एका यादीबद्दल बोलायचंय. त्या यादीत मी एक चूक केली होती. कॉलेजात चार वर्षं शिकून जे कळलं नव्हतं ते त्या चुकीने एका रात्रीत कळलं.

२०२१ सालची बकरी ईद आठवते का? २१ जुलैला होती. लॉकडाऊनचे दिवस, त्यामुळे मी पुण्याहून घरी, रत्नागिरीत येऊन काम करत होतो. दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, चिपळूण पाण्याखाली गेलं. वाशिष्ठी शहरात शिरली. बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावरून पाणी होतं. तिकडचे नातेवाईक फोन उचलेनात. नंतर कळलं की फोन एकतर भिजलेत, नाहीतर चार्जिंग संपलंय आणि वीजच नाही. पाणी ओसरलं तेव्हा घराघरात गुडघाभर चिखल होता. इथून रत्नागिरीतून, राजापुरातून, मुंबईहून लोकांनी सामान पाठवायला सुरुवात केली. तांदूळ, डाळ, तेल, मेणबत्त्या, चटया, फिनाईल. कोण कुठल्या धर्माचा हे त्या आठवड्यात कुणी विचारत नव्हतं, एवढं मी पाहिलंय.

सामान आलं, पण ते कुणाला द्यायचं? त्यासाठी यादी लागते. चिपळूणमधली चार-पाच पोरं चिखलातून घरोघर फिरून, जो फोन चालू असेल त्यावर नावं टाइप करून पाठवत होती. मी इंजिनिअर, म्हणून याद्या एकत्र करायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही ठरवलं होतं की प्रत्येक घरासाठी एक ओळ. आधी नाव, मग पत्ता, मग पिन कोड, मग फोन, मग घरात माणसं किती. मध्ये स्वल्पविराम. पाच रकाने, चार स्वल्पविराम.

आता या स्वल्पविरामाकडे जरा नीट बघा. इंग्रजीत याला डिलिमिटर म्हणतात. मराठीत मी याला सरळ 'बांध' म्हणतो. शेतात दोन वाफ्यांच्या मध्ये असतो तो बांध. इकडचं पाणी इकडे, तिकडचं तिकडे. संगणकाला नाव म्हणजे काय, पत्ता म्हणजे काय, काही कळत नाही. त्याला फक्त अक्षरांची रांग दिसते. तुम्ही सांगितलंत की बांध स्वल्पविरामाचा, की तो प्रत्येक स्वल्पविरामाशी थांबतो आणि म्हणतो, इथे एक रकाना संपला. आपण लहानपणी मदरशात वक्फच्या खुणा शिकलो. मीम दिसला की थांबायचंच, ला दिसला की थांबायचं नाही. चुकीच्या जागी थांबलं तर अर्थ बदलतो म्हणून हाफिजसाहेब कान पिळायचे. संगणकाचा कान पिळता येत नाही. तो थांबतो आणि पुढे जातो.

मी काय केलं ते सांगतो. पोरांनी पाठवलेल्या सगळ्या याद्या एका फाईलमध्ये ओतल्या. चारशेच्या वर ओळी झाल्या. स्वल्पविरामानंतरच्या मोकळ्या जागा काढल्या, सगळे आकडे एकसारखे केले. मला वाटलं, बरीच घरं दोनदा-तीनदा आली असणार. दोन पोरं एकाच आळीत फिरली असतील. एकाच घरात दोन गोण्या आणि दुसऱ्या घरात काहीच नाही असं व्हायला नको. नावांवरून दुबार ओळखणं अवघड, कारण एक जण महंमद लिहितो, दुसरा मोहम्मद, तिसरा मुहम्मद, चौथा नुसतंच 'मो.'. म्हणून मी फोन नंबर धरला. फोन चौथ्या रकान्यात. मग शेलमध्ये एकच कमांड. सॉर्ट, मायनस टी म्हणजे बांध स्वल्पविरामाचा, मायनस के चार कॉमा चार म्हणजे फक्त चौथा रकाना बघ, आणि मायनस यू म्हणजे चौथा रकाना सारखा असेल तर पहिली ओळ ठेव आणि बाकीच्या टाकून दे.

एंटर मारला. निमिषात चारशेच्या दीडशे ओळी झाल्या. मला काय वाटलं असेल? मी खूश झालो! एवढे दुबार सापडले, केवढं सामान वाचवलं. यादी पुढे पाठवली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेठमापहून फोन आला. यादी करणाऱ्या पोराचा. त्याच्या शेजारी एक खाला उभ्या होत्या, त्यांनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि मला विचारलं, "बेटा, माजा एकटीचाच नाव कसा आयला? आळी तर भरलेली हाय." गोणी त्यांच्या ओट्यावर तशीच होती. शेजारपाजारच्यांना काही नाही आणि आपल्याला आहे, याची त्यांना लाज वाटत होती. लाज कुणाला वाटायला हवी होती ते तुमच्या लक्षात आलं असेल.

चूक शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पत्ता लिहिताना माणूस काय लिहितो? "पेठमाप, मशिदीच्या मागे". पत्त्यातच स्वल्पविराम! आपण सगळे असेच लिहितो. संगणकाने तिथेही बांध धरला. म्हणजे 'पेठमाप' दुसरा रकाना, 'मशिदीच्या मागे' तिसरा. मग चौथ्या रकान्यात कोण आलं? फोन नाही, पिन कोड. आणि चिपळूणचा पिन कोड एकच, ४१५६०५. ज्यांच्या पत्त्यात एक स्वल्पविराम होता ती सगळी घरं माझ्या कमांडच्या हिशेबाने एकच माणूस ठरली. त्यातली यादीत पहिली आलेली ओळ राहिली, बाकी गेल्या. पहिली ओळ त्या खालांची होती, एवढंच. ज्यांच्या पत्त्यात दोन स्वल्पविराम होते त्यांच्या चौथ्या रकान्यात 'चिपळूण' हा शब्द आला आणि तेही सगळे मिळून एक झाले.

वाचलं कोण? ज्यांचा पत्ता एका शब्दात उरकला होता ते. म्हणजे ज्या पोराने चिखलात उभं राहून, नीट विचारून, खुणेसकट पूर्ण पत्ता लिहिला, त्याच्या मेहनतीची घरं गेली. आणि ज्याने घाईघाईत नुसतं 'गोवळकोट' लिहिलं त्याची राहिली. शेलने एकही एरर दिला नव्हता. त्याच्या दृष्टीने चुकलं काहीच नव्हतं. मी सांगितलेलं काम त्याने अचूक केलं होतं.

त्या संध्याकाळी मी पुन्हा बसलो. तेव्हा जे केलं तेच आज तुम्हाला शिकवणार आहे, कारण ते आधी करायचं असतं.

ऑक नावाचा एक प्रोग्रॅम आहे. नाव विचित्र आहे, पण ती तीन आडनावांची आद्याक्षरं आहेत. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये या तिघांनी तो लिहिला. ऑक प्रत्येक ओळ घेतो, तुम्ही सांगाल त्या बांधावर तिचे रकाने पाडतो आणि रकाने किती पडले ते एनएफ नावाच्या खोक्यात ठेवतो. ऑकला फक्त एवढं सांगायचं की बांध स्वल्पविराम, आणि प्रत्येक ओळीचा एनएफ छाप. मग चारशे आकडे येतात, पाच, सहा, पाच, सात, सहा. ते सॉर्टला द्यायचे, म्हणजे पाचवाले एका ठिकाणी, सहावाले एका ठिकाणी. मग ते युनिकला द्यायचे, मायनस सी लावून, म्हणजे तो मोजून सांगतो, पाच इतके, सहा इतके, सात इतके. युनिकचं स्पेलिंग बघून घ्या, यू, एन, आय, क्यू, आणि तिथेच संपलं. आणि एक लक्षात ठेवा, युनिक फक्त शेजारच्या ओळी ताडून बघतो. दूरच्या ओळीत सारखंच काही असेल तर त्याला दिसत नाही. म्हणून त्याच्या आधी सॉर्ट लागतोच.

तीन लहान कमांड, मध्ये उभी रेघ. या उभ्या रेघेला पाइप म्हणतात. डग मॅकिलरॉय नावाच्या बेल लॅब्जच्याच गणितज्ञाने १९६४ मध्ये एका टिपणात लिहिलं होतं की बागेतल्या नळीला नळी जोडावी तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. ते प्रत्यक्षात यायला नऊ वर्षं गेली. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइप घातला. आपल्याकडे सुपारीच्या बागेत पाटाचं पाणी एका अळ्यातून दुसऱ्या अळ्यात जातं, तसंच हे. प्रत्येक अळं आपलं काम करतं आणि पाणी पुढे देतं.

ही एक ओळ मी आदल्या रात्री चालवली असती तर स्क्रीनवर दिसलं असतं की पाच रकान्यांच्या ओळी दीडशेच्या आसपास आहेत आणि बाकीच्या सहा नि सात रकान्यांच्या. एक डोळा फिरवला असता तरी कळलं असतं. दहा सेकंदांचं काम. ते मी केलं नाही, कारण मला खात्री होती की पाचच रकाने आहेत. आम्हीच तर ठरवलं होतं.

मग दुरुस्ती कशी केली? ही मला अजूनही आवडते. चारशे ओळींमधले जादा स्वल्पविराम हाताने काढायचे का? गरज नव्हती. विचार करा, घोळ कुठे आहे? फक्त पत्त्यात. नाव डावीकडे, ते सुरक्षित. पिन, फोन आणि माणसं उजवीकडे, तिथे कुणी जादा स्वल्पविराम घालत नाही. मग डावीकडून मोजायचंच कशाला? उजवीकडून मोजा. माणसांचा आकडा शेवटचा, फोन शेवटून दुसरा. ऑकमध्ये डॉलर, कंसात एनएफ वजा एक. पत्त्यात पाच स्वल्पविराम असले तरी फोन शेवटून दुसराच राहतो.

आता फोन बरोबर मिळाले. पुन्हा दुबार काढायला हात शिवशिवले. पण ठेच लागलेली होती, म्हणून या वेळी काढून टाकलं नाही, फक्त दाखव म्हटलं. युनिक मायनस डी दिलं की जे एकापेक्षा जास्त वेळा आलंय तेवढंच छापतो. छापलं तर एकाच फोन नंबरवर अकरा घरं. दुबार? नाही. त्या आळीत एकच फोन चालू होता. यादी करणाऱ्या पोराचा स्वतःचा. ज्यांचे फोन भिजले होते त्या सगळ्यांनी त्याचाच नंबर दिला होता. दुसऱ्या एका नंबरवर चार घरं होती, आणि तो नंबर कुवेतमध्ये असलेल्या दिराचा निघाला. आपल्या कोकणात अर्ध्या घरांचा फोन घरात नसतो हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी काय दुसऱ्या देशातून आलेलो नव्हतो.

मग ती संशयित नावांची छोटी यादी मी त्या पोरांना परत पाठवली. ती पुन्हा घरोघर गेली. खरे दुबार निघाले तेरा-चौदा. त्या रात्री फेरयादी केली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीत उरलेल्या गोण्या गेल्या. एक दिवस उशीर झाला होता. चिखलात बसलेल्या माणसाचा एक दिवस किती मोठा असतो याचं माप माझ्याकडे नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. माणसांच्या यादीवर मी काढून टाकणारी कमांड थेट चालवत नाही. मशीनने शंका दाखवायची, काढायचं की ठेवायचं ते दार ठोठावून आलेला माणूस ठरवेल. मूळ फाईलला हात लावायचा नाही, तिची प्रत काढायची आणि प्रतीवर काय खेळायचं ते खेळायचं.

आता थोडं बांधाच्या निवडीबद्दल. तुम्ही विचाराल, स्वल्पविराम घेतलाच कशाला? बरोबर आहे. जे चिन्ह मजकुरात येतं ते बांधाला घेऊ नये. युनिक्समध्ये वापरकर्त्यांची यादी ठेवणारी पासवर्ड नावाची फाईल असते. तिच्यात एका ओळीत सात रकाने असतात आणि मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके, म्हणजे कोलन. आस्की या अक्षरसंचात तर खास रकाने आणि नोंदी वेगळ्या करायला चार अदृश्य चिन्हं राखून ठेवली होती. ती आज फारसं कुणी वापरत नाही, कारण कीबोर्डवर त्यांची कळच नाही. चांगली सोय आणि तिला दारच नाही. सीएसव्ही या प्रकारात वेगळा उपाय आहे, पत्त्यात स्वल्पविराम असेल तर अख्खा पत्ता दुहेरी अवतरणात ठेवायचा. एक्सेल तसं आपोआप करतं. पण जुना साधा ऑक आणि कट यांना अवतरण कळत नाही, ते आतल्या स्वल्पविरामावरही तोडतात. ऑकला ते समजायला २०२३ उजाडलं. कर्निघन यांनी, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, मूळ ऑकमध्ये सीएसव्हीची सोय घातली. म्हणजे या वेदनेत आपण एकटे नाही. मी स्वतः आता टॅब वापरतो. पत्त्यात कुणी टॅब टाइप करत नाही.

पण आपली खास दुखणी वेगळी आहेत आणि ती इंग्रजी पुस्तकात सापडणार नाहीत. म्हणून ती सांगतो.

एका पोराने यादी पाठवली ती उभ्या रेघांची. मी म्हटलं वा, पाइपचं चिन्ह बांध म्हणून घेतलंय, हुशार आहे. कटला सांगितलं, मायनस डी, उभी रेघ. काहीच तुटेना. अख्खी ओळ जशीच्या तशी. अर्ध्या तासाने कळलं की ती पाइपची रेघ नाही, तो हिंदीतला पूर्णविराम आहे, दंड. दिसायला जवळपास सारखे, संगणकाला दोन वेगळी चिन्हं. मग कटला दंड दिला, तर माझ्या लॅपटॉपवरचा कट म्हणतो, बांध एकाच अक्षराचा पाहिजे. अरे, एकच तर आहे! पण युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठवलं जातं, आणि तो कट अक्षरं मोजत नव्हता, बाइट मोजत होता. त्याच्या नजरेत आपला एक दंड म्हणजे तीन चिन्हं. ऑकला तोच दंड दिला, त्याने निमूट घेतला.

दुसरं, उर्दू कीबोर्डवरून टाइप केलेली यादी. त्यातला स्वल्पविराम उलटा असतो, शेपूट वर. तोही वेगळं चिन्ह. आधी सेड वापरून सगळे उलटे स्वल्पविराम सुलटे करून घ्यायचे.

तिसरं, आकडे. मराठी कीबोर्डवर ९ टाइप केला आणि इंग्रजीत नऊ टाइप केला तर आपल्याला एकच, सॉर्टला मात्र दोन. आकड्यांप्रमाणे लाव म्हणून मायनस एन दिलं तरी देवनागरी आकडा त्याला आकडा वाटत नाही. इथे टीआर वापरायचा मोह होतो, पण लिनक्सवरचा नेहमीचा टीआरही बाइटच बघतो आणि देवनागरीचा चुराडा करतो. सेडमध्ये वाय नावाची आज्ञा आहे, तिला एका बाजूला ० ते ९ आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी दहा आकडे द्यायचे. अदलाबदल नीट होते.

चौथं, नुक्ता. फ़ातिमा, ज़ैनब अशी नावं कुणी नुक्त्यासह लिहितात. नुक्त्याचा ज़ दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो, एक सबंध तयार अक्षर, किंवा साधा ज आणि त्याला जोडलेला ठिपका. पडद्यावर तंतोतंत एकच. ग्रेपने एक ज़ैनब शोधा, दुसरी सापडणार नाही.

आणि पाचवं, सगळ्यात छळणारं. सामान कुणाला पोचलं त्या फोन नंबरांची यादी एका दुकानातल्या विंडोज मशीनवर केली होती. मी ती आपल्या यादीशी ताडली, तर एकही नंबर जुळेना. म्हणजे कुणालाच काही पोचलं नाही? पोचलं होतं. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह जास्त घालतं, कॅरेज रिटर्न. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टला पाहिलंय ना, ओळ संपली की तो टाइपरायटरचा वरचा भाग हाताने सरकवून परत आणायचा? तोच हा कॅरेज रिटर्न. टाइपरायटर गेले, त्यांचं भूत ओळीच्या टोकाला राहिलं. इथे मात्र टीआर बरोबर चालतो. मायनस डी देऊन ते चिन्ह उडवायचं, मग जुळवायचं.

आता जो बांध आपल्या सगळ्यांना जन्मभर पुरून उरतो त्याच्याकडे येतो. मोकळी जागा. स्पेस.

तसा हा बांध जुना नाही. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडतच नसत. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला लटकवत सलग लिहित जायचं. मराठीत विरामचिन्हं रुळवली ती मेजर थॉमस कँडी यांनी, एकोणिसाव्या शतकात. म्हणजे आपली आजची ओळ, शब्द-जागा-शब्द-जागा, ही तशी कालपरवाची आहे. पण शेलने मात्र तिलाच मुख्य बांध मानलंय. शेलला फाईलचं नाव 'जुनी यादी' असं द्या आणि अवतरण न लावता पुसायला सांगा, तो 'जुनी' नावाची एक आणि 'यादी' नावाची एक अशा दोन फाईली पुसायला निघेल. आणि 'यादी' नावाची खरोखरच एखादी फाईल तिथे असली तर ती गेली. शेलमध्ये परत आणायचा डबा नसतो. म्हणून नावात जागा असेल तर अवतरणात ठेवा.

फाईलचं ठीक आहे, पण माणसाच्या नावातल्या जागेचं काय? महाराष्ट्रातला बहुतेक फॉर्म तीन चौकटी मागतो. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. समजा नाव आहे अब्दुल करीम इब्राहिम मुकादम. शब्द चार, चौकटी तीन. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने जागेवर तोडायला सांगितलं की पहिला शब्द नाव, दुसरा वडिलांचं नाव, शेवटचा आडनाव. म्हणजे मुलगा झाला 'अब्दुल' आणि वडील झाले 'करीम'. इब्राहिम कुठे गेले ते कुणालाच माहीत नाही. अब्दुल हे सुटं नाव होत नाही. अब्दुल म्हणजे 'चा बंदा'. कुणाचा, ते पुढच्या शब्दात आहे. वर्गात हजेरीला 'अब्दुल' अशी हाक ऐकलेले इथे किती जण आहेत, हात वर करा. बघा.

हे फक्त हाकेपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत 'अब्दुल के.', मतदार यादीत 'अ. करीम'. चार कागदांवर चार माणसं. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, पासपोर्ट असो, दोन याद्या ताडणारा प्रोग्रॅम नाव जुळत नाही म्हणतो आणि मग आपण प्रतिज्ञापत्र करत फिरतो. यात दर वेळी कुणाचा वाईट हेतू असतो असं मी म्हणणार नाही. माझा हेतू काय वाईट होता चिपळूणच्या यादीत? पण कुठे तोडायचं हे जो ठरवतो त्याने त्या नावाचा माणूस कधी पाहिलेला नसेल, तर तो हमखास चुकीच्या जागी तोडतो. तुमच्यातले काही जण उद्या असे प्रोग्रॅम लिहिणार आहात. माझं म्हणणं एवढंच, नाव फोडू नका. पूर्ण नाव एकाच रकान्यात ठेवा. आडनाव वेगळं हवं असेल तर त्या माणसालाच विचारा, त्याला माहीत असतं.

आणि आपली स्वतःची नावं आजच बघून घ्या. अठरा पूर्ण झालेत आणि नाव मतदार यादीत नाही तर फॉर्म ६, नाव आहे पण चुकलंय किंवा पत्ता बदललाय तर फॉर्म ८. आपल्या भागाची यादी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असेल तर त्यात गल्लीतली नावं शोधायला ग्रेप छान आहे, पण ग्रेपला सापडलं नाही म्हणजे नाव नाही असं लगेच समजू नका. अब्दुल, अ., अब्दूल, सगळं टाकून बघा. मग डोळ्याने बघा.

एक गोष्ट राहिली. हे सगळं वेबसाइटवर फाईल टाकूनही होतं, फुकट, दोन क्लिकमध्ये. मग ही काळी खिडकी कशाला? कारण यादीत लोकांची नावं, पत्ते, फोन, घरात किती माणसं हे सगळं असतं. ते मी विश्वासाने घेतलेलं असतं. कुठल्या तरी अनोळखी वेबसाइटवर ते चढवायचा मला अधिकार नाही. शेलमध्ये काम करताना फाईल माझ्या मशीनबाहेर जात नाही. इंटरनेट बंद असलं तरी चालतं, आणि पुराच्या वेळी ते बंदच असतं. लॅपटॉप नसेल तर ॲण्ड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं ॲप घ्या, त्यात यातलं जवळपास सगळं चालतं. चिपळूणची ती यादी काम संपल्यावर मी पुसून टाकली. मूळ आणि प्रती, दोन्ही.

चला, बोलणं पुरे. समोरच्या फोल्डरमध्ये 'सराव यादी' नावाची फाईल आहे. हो, नावात मुद्दाम जागा ठेवलीय. नावं, पत्ते, फोन सगळे खोटे आहेत, पण घोळ सगळे खरे आहेत. दंड आहे, उलटा स्वल्पविराम आहे, नुक्ता आहे, आणि एक कॅरेज रिटर्नही दडवलाय. कुणीही काही काढून टाकायचं नाही. पहिलं काम एकच, प्रत्येक ओळीत रकाने किती पडतात ते मोजा आणि मला येऊन आकडे दाखवा. मागच्या बाकावर वीज येत नसेल तर इकडे पुढे या, एक एक्स्टेंशन बोर्ड आहे.